मिआटाचं ऑइल घरी बदललं आणि खाली थेंब पडू लागले, तर

ही नोंद माझदा मिआटाच्या पहिल्या दोन पिढ्यांसाठी आहे: १९८९ साली आलेली एनए आणि तिच्यामागून आलेली, २००५पर्यंत चाललेली एनबी. पुढच्या पिढ्यांची इंजिनं वेगळी, तिथे यातलं बरंचसं लागू होत नाही. डावी-उजवी बाजू म्हणजे गाडीत बसून समोर बघताना.

लक्षणं

- ऑइल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या उजव्या चाकाच्या जरा मागे, जमिनीवर नाण्याएवढे डाग. आठवड्याभरात कमी होत जाऊन बंद. पुढच्या ऑइल बदलाला पुन्हा तेच.
- डाग तिथेच, पण बंद होत नाहीत. हायवेवरून लांब जाऊन आल्यावर जास्त.
- इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तो बेलहाउसिंगचा जोड खालून ओला, काळा, धूळ चिकटलेला.
- छत उघडं ठेवून सिग्नलला थांबलं की करपट वास.
- इंजिन अडखळतं, आणि प्लगची वायर उपसली तर टोक तेलात भिजलेलं.
- सुरू केल्यावर टक-टक आवाज.
- इंजिन सुरू केल्याबरोबर थेंब नाही, धार.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी इंजिन बंद करा. पुन्हा सुरू करून बघू, असं करायचं नाही.

या गाडीबद्दल येणारा फोन जवळपास ठरलेला असतो. भारतात माझदा म्हटलं की स्वराज माझदाची मिनीबस आठवते, ही दोन सीटची गाडी कंपनीने तिकडे विकलीच नाही. पण इकडे अमेरिकेत जुनी मिआटा हौसेने घेऊन शनिवारी तिच्याखाली झोपणारे मराठी लोक चांगलेच भेटतात. त्यांचं म्हणणं असं: ऑइल स्वतः बदललं, आता गळतंय, गॅरेजवाला म्हणतो मागचं क्रँक सील (इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँकशाफ्ट, मागे बाहेर येतो तिथलं रबर) गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गाडी बघायला जावं तर दहातल्या बहुतेक वेळा सील ठणठणीत. गळती वर कुठेतरी सुरू होते, ऑइल गुरुत्वाने खाली आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकतं, आणि बेलहाउसिंगच्या जोडापाशी येऊन थेंब होतो. खालून बघणाऱ्याला तोच जोड ओला दिसतो आणि त्याच्या आत मागचं सील असतं. म्हणून तपासणी फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करायची आणि वरून खाली यायचं.

आधी ठरवा, ते इंजिन ऑइलच आहे का

रात्रभर गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. घर बदलताना उरलेला एखादा मोठा खोका असतोच, तो उलगडला की पुरतो. त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने खुणा करा, नाहीतर सकाळी डाग कुठल्या बाजूचा तेच कळत नाही.

उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींतला एक भाग इथेच संपतो, कारण एसीचं पाणी उजव्या बाजूलाच पडतं. पाणी असेल तर पुठ्ठा वाळतो आणि डाग राहत नाही. इंजिन ऑइल बोटांमध्ये चोळलं तर गुळगुळीत लागतं. नवं असेल तर मधाळ रंगाचं, जुनं असेल तर काळं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, एकदा घेतला की विसरत नाही. पॉवर स्टिअरिंगचं तेल लालसर. कूलंट पातळ, गोडसर वासाचं. कूलंट विषारी असतं, कुत्रं-मांजर चाटणार नाही याची काळजी घ्या.

यात फसवणारं एक आहे. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा खालचा भाग, बेलहाउसिंगच्या उजव्या बाजूला बसतो आणि या गाड्यांमध्ये तो गळणं हा जुना आजार आहे. त्यातून येणारं द्रव मळून काळं होतं आणि लांबून ऑइलसारखंच दिसतं, पण हाताला पातळ लागतं. बॉनेट उघडून क्लचच्या डबीतली पातळी बघा. ती उतरली असेल आणि क्लच पेडल मऊ लागत असेल, तर तुमचा प्रश्न ऑइलचा नाहीच, आणि क्लच भर रस्त्यात सोडून देण्याआधी तो सिलिंडर बदला. हे द्रव रंगावर सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

डिपस्टिक

सपाट जागा, इंजिन गरम करून बंद केलेलं, पाच मिनिटं थांबून काडी बाहेर. पुसून पुन्हा घालून मग वाचायची.

इथे बघायचं ते ऑइल कमी आहे का एवढंच नव्हे, जास्त आहे का हेही. इकडच्या दुकानात ऑइल पाच क्वार्टच्या कॅनमध्ये स्वस्त पडतं. पाच क्वार्ट म्हणजे सुमारे ४.७ लिटर. १.६ लिटरच्या इंजिनाला फिल्टरसकट लागतं साधारण ३.६ लिटर, १.८ला त्याहून थोडं जास्त, चारच्या आत-बाहेर. उरलेलं कुठे ठेवणार म्हणून माणूस पूर्ण कॅन ओततो. मग क्रँकशाफ्ट फिरताना ऑइलमध्ये आपटतो, फेस होतो, फेसाळलेलं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे छोटे भाग, वाजू लागतात. शिवाय जादाचं ऑइल व्हेंटच्या नळीतून इनटेककडे जातं आणि मागून निळसर धूर येतो. खुणेच्या बरंच वर असेल तर डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून काढा. असा पंप दुकानात स्वस्तात मिळतो आणि ड्रेन प्लगला पुन्हा हात लावावा लागत नाही.

टक-टक आवाजाचंही इथेच उरकतो. एनएच्या दोन्ही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ते ऑइलच्या दाबावर फुगून जागेवर राहतात. ऑइल बदलल्यावर फिल्टर रिकामा असतो, त्यामुळे सुरुवातीची थोडी मिनिटं ते वाजतात आणि गप्प होतात. पातळी बरोबर असूनही आवाज दिवसेंदिवस चालू असेल तर टॅपेट मळलेले आहेत. योग्य ग्रेडचं ऑइल, जरा लवकर लवकर बदललं तर पुष्कळदा सुधारतात. १९९९पासूनच्या एनबीत असे टॅपेट नाहीत, तिथे हे कारण धरू नका. आणि ऑइल प्रेशरच्या काट्यावर किती विसंबायचं ते गाडीच्या सालावर ठरतं: १९९४पर्यंतचा काटा खरा दाब दाखवतो, त्यानंतरचा नुसता शोभेचा. थोडासा दाब आला की तो मधोमध जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही.

सांडलेलं पुसलं का

आता या गाडीच्या मुख्य दुखण्याकडे. एनए-एनबीचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या उजव्या बाजूला, इनटेक मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, अशा कोनात आहे की वरून हात घालावा तर मॅनिफोल्ड आडवा येतो आणि खालून घालावा तर सबफ्रेम, म्हणजे इंजिनाखालची लोखंडी चौकट. फिल्टर तिरका असल्यामुळे सैल केला की त्यातलं ऑइल कडेने ओघळतं आणि थेट सबफ्रेमवर, उजव्या इंजिन फाउंडेशनवर, स्टॅबिलायझर बारवर जाऊन बसतं. सबफ्रेमला खाचा आणि भोकं भरपूर. वरवर पुसून निघालात तरी आत साठलेलं ऑइल पुढचे कितीतरी दिवस, विशेषतः गाडी तापल्यावर, थेंब थेंब बाहेर येतं. वर दिलेलं पहिलं लक्षण, आठवड्याभरात आपोआप बंद होणारे डाग, ते बहुतेक हेच.

उपाय धुण्याचा आहे. इंजिन पूर्ण गार असताना डिग्रीझर मारा, ब्रशने घासा, चिंध्यांनी पुसा, आणि शेवटी ब्रेक क्लीनर मारून वाळवा. पट्ट्यांवर आणि रबरी भागांवर ब्रेक क्लीनर उडू देऊ नका, आणि तो पूर्ण उडून जाईपर्यंत इंजिन सुरू करू नका, कारण तो पेट घेतो. प्रेशर वॉशर मात्र नको. एनएच्या प्लगच्या खोबणीत पाणी जाऊन बसलं की नवीनच दुखणं मागे लागतं. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, पण याच्याशिवाय पुढची एकही तपासणी भरवशाची नाही. मळक्या इंजिनाखाली टॉर्च घेऊन गळती शोधणारा माणूस नुसता अंदाज बांधत असतो, तो गॅरेजचा असो की घरचा.

पुढच्या वेळेसाठी: फिल्टर सैल करण्याआधी त्यावर जाड प्लॅस्टिकची झिपवाली पिशवी चढवा आणि पिशवीतच फिरवून काढा. खालच्या सबफ्रेमवर ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ करून तिचं तोंड घमेल्यात सोडा. पुढचं उजवं चाक काढलं तर हात चांगला पोचतो, पण मग गाडी स्टँडवर हवी.

स्टँडवरून एक. ही गाडी इतकी बसकी आहे की जॅक लावल्याशिवाय खाली डोकंसुद्धा जात नाही, आणि साध्या रॅम्पवर चढवायला गेलात तर आधी बंपर घासतो. रॅम्पच्या पुढे लाकडी फळ्या टाकून चढण कमी करावी लागते. पुढे जॅक सबफ्रेमच्या मधोमध, आणि स्टँड पुढच्या चाकांच्या मागे, बॉडीच्या खालच्या मजबूत केलेल्या पट्टीखाली. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. सिमेंटचे पोकळ ठोकळे वापरायचे नाहीत, ते आधी काही न दाखवता एकदम फुटतात. उतरत्या ड्राइव्हवेवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर काम करायची वेळ असेल तर इथेच थांबा आणि गाडी गॅरेजात न्या. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला बहुतेक ठिकाणी मनाई असते हेही लीज काढून एकदा वाचा.

फिल्टर

जुना फिल्टर अजून कचऱ्यात असेल तर आधी तो काढून त्याचं तोंड बघा. काळी रबरी रिंग त्यावर आहे का? नसेल तर ती इंजिनाला चिकटून राहिली आहे आणि तुम्ही तिच्यावर दुसरी चढवली आहे. दोन रिंगा एकमेकींवर घसरतात. गार इंजिनात कधी कधी धरतात, दाब वाढला की एक बाजूला सरकते आणि पंप सगळं ऑइल जमिनीवर आणून ठेवतो. धार लागण्याचं सर्वांत मोठं कारण हे. गाडीखाली न जाता, पैसा न घालवता होणारी ही तपासणी आहे, म्हणून नवीन ऑइल घालून गाडी चालवून येईपर्यंत जुना फिल्टर टाकायचा नाही, एवढा नियम पाळा.

रिंग जुन्या फिल्टरवर असेल तर नव्याचा आवळ बघा. रिंगेला ऑइलचं बोट फिरवून, ती टेकल्यापासून पाऊण ते एक फेरा हाताने, एवढंच लागतं. नेमका आकडा फिल्टरच्या खोक्यावर छापलेला असतो. इथे हात अवघडलेला असल्यामुळे माणसाला वाटतं पुरेसं आवळलं, आणि फेरा अर्धाच झालेला असतो. उलट पान्याने आवळला तर रिंग चिरडते आणि पुढच्या वेळी तो निघता निघत नाही. कडेला नव्याने ओल आली असेल तर हाताने किंचित आवळा, पुसा, दहा मिनिटं इंजिन चालवून पुन्हा बघा. तिरका बसला असेल, म्हणजे आट्यांवर वाकडा चढला असेल, तर आवळत राहू नका. उलटा फिरवून काढा आणि आटे तपासा.

काही १.८ इंजिनांत फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये कूलंटच्या नळ्या जोडलेला जाडसर ऑइल कूलर असतो. त्याच्या मागे स्वतःची एक रबरी रिंग आहे. फिल्टरची कड कोरडी पण त्याच्या वरची फट ओली असेल, तर संशय त्या रिंगेवर.

तिथेच जवळ, इंजिनाच्या ब्लॉकवर, ऑइल प्रेशरचा सेन्सर आहे. फिल्टर नवा, आवळ बरोबर, तरी तोच भाग पुन्हा पुन्हा ओला होत असेल तर सेन्सरचं रबरी टोपण उपसून बघा. आत ऑइल असेल तर सेन्सरच फुटलाय, तो बदलायचा. त्याचे आटे निमुळते असतात, पुढे पुढे आपोआप घट्ट होत जातात. वॉशर नाही म्हणून जोर लावलात तर ब्लॉकला तडा जाण्याची भीती.

ड्रेन प्लग

प्लगला १९ मिलिमीटरचा पाना लागतो. माझदाचा आकडा ३० ते ४१ न्यूटन-मीटर, म्हणजे २२ ते ३० फूट-पाउंड. हे ऐकायला पुष्कळ वाटलं तरी लांब दांड्याच्या पान्याने फारच पटकन गाठलं जातं, म्हणून इथे टॉर्क पाना हवाच. इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादी. जोर जास्त झाला की मऊ धातूचे आटे जातात, आणि मग तो प्लग कितीही आवळला तरी फिरतच राहतो.

प्लगखाली दाबला जाणारा वॉशर असतो. तो एकदाच दबतो. तोच पुन्हा वापरला तर कधी धरतो, कधी झिरपतो, आणि झिरपला की माणूस पान्याला अजून जोर लावतो. आटे जाण्याची गोष्ट साधारण अशीच घडते. नवा वॉशर दर वेळी घाला, आणि जुना चेंबरला चिकटून राहिला नाही ना ते बोटाने चाचपून घ्या.

झिरपणारा प्लग दुरुस्त करायला नवं ऑइल फेकायची गरज नाही. स्वच्छ घमेल्यात उतरवा, वर झाकण ठेवा, वॉशर बदला, तेच परत ओता. आटे गेल्याची शंका असेल, म्हणजे प्लग फिरतोय पण घट्ट होत नाही, तर थांबा. दुकानात मिळणारे जाड प्लग हातोहात नवे आटे कापतात, पण ते तिरके गेले तर चेंबरच बदलावं लागतं, आणि मिआटाचं चेंबर इंजिन जागेवर असताना काढणं हा छळ आहे. आट्यांची जाळी घालून देणाऱ्या गॅरेजला द्या.

पीसीव्ही: लहान भाग, मोठा घोळ

वरच्या सगळ्या जागा कोरड्या आणि तरी गळती फिरून फिरून येते, आज एका सीलमधून, महिन्याने दुसऱ्या, तर इंजिनाच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरवरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. इंजिनात पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये येतो. हा व्हॉल्व्ह तो इनटेककडे परत पाठवतो. तो चोंदला की वायूला वाट उरत नाही, आतला दाब वाढतो आणि जे सील सर्वांत कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकललं जातं. अशा वेळी सीलं बदलत बसलात तर नवीनही गळतात.

काढून कानाजवळ हलवा. आतली गोळी खुळखुळली पाहिजे. इंजिन चालू असताना उपसून टोकावर बोट धरलं तर बोट ओढलं गेलं पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तर नवा घाला, सोबत त्याची रबरी बुशिंगही. तीस वर्षांची ती बुशिंग बिस्किटासारखी तुटते. तुकडे आत पडू देऊ नका.

हे पाच मिनिटांचं काम लोक सर्वांत शेवटी करतात, का ते मला कळलेलं नाही.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग आणि मागची रिंग

करपट वास येतो तो बहुधा इथून. एक्झॉस्ट डाव्या बाजूला आहे. त्या बाजूने पॅकिंग गळलं की ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडून जळतं. प्लगच्या खोबणीत ऑइल साठतं तेही याच पॅकिंगच्या आतल्या वळ्यांमुळे, आणि मग वायरीतून ठिणगी बाहेर पळून इंजिन अडखळतं. वास सोबत धूर घेऊन येत असेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी काढू नका, आग लागू शकते.

कव्हरचे बोल्ट १०च्या पान्याचे, आणि आवळ फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटर. म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. जुनं रबर कडक झालेलं असताना जास्त आवळून काही साधत नाही. पॅकिंग नवं आणा, बसण्याच्या जागा पुसून कोरड्या करा, आणि कॅम कॅपच्या (कॅमशाफ्टला धरून ठेवणाऱ्या टोप्यांच्या) कोपऱ्यांवर सीलंटचा वाटाण्याएवढा ठिपका द्या. सगळीकडे सीलंट थापणारे असतात. त्याचे तुकडे आत गळून पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

आणि आता ती जागा, जिच्यामुळे मागच्या सीलवर सर्वाधिक खोटा आळ येतो. एनएत हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, अगदी मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याकडे) तोंड करून, कॅम अँगल सेन्सर आहे. तो हेडमध्ये एका रबरी रिंगेवर बसतो. वर्षानुवर्षं तापून ती रिंग प्लॅस्टिकसारखी कडक आणि चपटी होते, ऑइल तिथून सुटतं, हेडच्या मागच्या अंगाने उतरतं आणि बरोबर बेलहाउसिंगवर येतं. गॅरेजच्या लिफ्टखालून बघणाऱ्याला हे मागचं सील गेल्यासारखंच दिसतं. आरसा आणि टॉर्च घेऊन वरून सेन्सरच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. बोट ओलं आलं तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. एनबीत हा सेन्सर तिथे नसल्यामुळे हे कलम फक्त एनएवाल्यांचं.

रिंग बदलायला सेन्सर काढावा लागतो, आणि त्याच्या फिरवण्यावर इंजिनाचं इग्निशन टायमिंग ठरतं. म्हणून बोल्ट सैल करण्याआधी सेन्सर आणि हेड दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ ओढा. बोल्ट १२चा, जागा इतकी अडचणीची की अर्धा वेळ पाना बसवण्यातच जातो. सेन्सरची टोकं मुद्दाम मधोमध नसलेली आहेत, त्यामुळे तो एकाच रीतीने आत जातो. जात नसेल तर १८० अंश फिरवा, ठोकू नका. रिंग घालताना ऑइल लावा, रेघ जुळवा, आवळा. मग टायमिंग लाइटने तपासा: डायग्नोसिसच्या डबीत टीईएन आणि जीएनडी हे दोन कप्पे वायरने जोडायचे आणि क्रँकच्या पुलीवरची खूण १० अंशांवर हवी. टायमिंग लाइट नसेल तर रेघेवर भागतं, पण एखाद्या जाणकाराकडून तपासून घेतलेलं बरं.

एवढं करूनही सापडत नसेल तर ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो. बाटलीवर लिहिलं आहे तेवढा ओता, दोन दिवस गाडी चालवा, आणि अंधारात निळी यूव्ही टॉर्च मारा. सर्वांत वरचा चमकणारा ठिपका शोधा. त्याच्या खालचं सगळं नुसतं ओघळलेलं असतं.

गळती थांबवण्याच्या बाटल्यांबद्दल: मी वापरत नाही. त्या सगळ्याच रबराला थोडं फुगवतात, म्हणजे बिघडलेल्यालाही आणि धडधाकटालाही. जाड ऑइल घालून गळती कमी करायची युक्तीही तशीच. थंडीत सुरू होताना जाड ऑइल वर पोचायला उशीर लावतं आणि हायड्रॉलिक टॅपेट वाजतात.

इथून पुढे स्वतः करू नका

पुढच्या बाजूची गळती, म्हणजे टायमिंग कव्हरच्या खालून येणारं ऑइल, कॅमच्या सीलची किंवा पुढच्या क्रँक सीलची असते. तिथे जायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. बेल्ट दर ६०,००० मैलांना बदलायचाच असतो, त्यामुळे तो जवळ आला असेल तर सीलं, बेल्ट आणि वॉटर पंप एकदम करून घ्या. आणि गाडी १९९०ची किंवा १९९१च्या सुरुवातीची १.६ असेल तर इंजिन चालू असताना समोरून क्रँकची पुली बघा. ती डोलत असेल तर सीलचा विषय बाजूला ठेवा. त्या सुरुवातीच्या इंजिनांच्या क्रँकचं नाक आखूड होतं, त्यातली चावीची खाच झिजते आणि सरतेशेवटी क्रँकच बाद होतो. डोलणारी पुली दिसली की इंजिन बंद, टो ट्रक, आणि मिआटा माहीत असलेलाच मेकॅनिक.

मागचं सील खरोखर गेलंच असेल, म्हणजे वरचं सगळं कोरडं आणि तो चमकणारा रंग फक्त बेलहाउसिंगच्या आतून येतोय, तर तेही गॅरेजचं काम. मिआटात गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल एका लांब ॲल्युमिनियमच्या तुळईने जोडलेले आहेत. गिअरबॉक्स उतरवायला ती सोडवावी लागते आणि परत चढवताना नेमक्या उंचीला लावावी लागते, नाहीतर गाडी थरथरते. ड्राइव्हवेवर पाठीवर झोपून करण्यासारखं हे नाही.

याशिवाय कुठल्याही टप्प्यावर थांबून फोन करावा अशा गोष्टी: इंजिन गरम झाल्यावर ऑइल प्रेशरचा काटा तळाला जाणं; ऑइल ओतायच्या तोंडाच्या फिल्लर कॅपच्या आत किंवा डिपस्टिकवर दुधाळ चिखल आणि सोबत कूलंट कमी होणं; ऑइल ब्रेकच्या डिस्कवर किंवा टायरवर पोचणं. दुधाळपणा नुसता कॅपवर, तोही हिवाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असेल आणि कूलंट जागेवर असेल, तर ते बहुधा साचलेलं बाष्प आहे. एकदा अर्धा-पाऊण तास हायवेवर चालवून पुन्हा बघा.

गॅरेजला गाडी देताना यूव्ही टॉर्चखालचे फोटो सोबत द्या आणि काय काय आधीच तपासलं ते सांगा. कॅम सेन्सरची रिंग बघितली का, हे एनएच्या बाबतीत आवर्जून विचारा. गिअरबॉक्स उतरणारच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग त्याच वेळी बदलायला सांगा. मजुरी एकदाच पडते. उतरवलेलं जुनं ऑइल गटारात किंवा कचऱ्यात टाकू नका, झाकणाच्या कॅनमध्ये भरून ऑटो पार्ट्सच्या दुकानात न्या, बहुतेक मोठी दुकानं फुकट घेतात. त्यात कूलंट किंवा ब्रेक क्लीनर मिसळलेला असेल तर मात्र ते परत पाठवतात.